पाच तासांचा पगार, दिवसभराचं पोस्ट

ग्रामीण डाक सेवकांच्या नियमावलीत ३-अ क्रमांकाचा एक नियम आहे. खेड्यातल्या पोस्टात कामाला लागणाऱ्या माणसाच्या अटी त्यात एकाखाली एक दिल्या आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम सांगितलं जाणार नाही. वयाच्या पासष्टीनंतर कामावर ठेवलं जाणार नाही. सेवक संघराज्याच्या नागरी सेवेच्या बाहेरचा राहील आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांशी बरोबरी सांगणार नाही. ज्या गावात पोस्ट, त्याच गावात त्याने राहायचं. शाखा पोस्टमास्तर असेल तर पोस्टाला जागाही त्यानेच द्यायची. आणि मला सर्वांत जास्त खुपणारी अट म्हणजे, सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याशिवाय स्वतःचं आणि कुटुंबाचं पोट भरेल असं उत्पन्नाचं दुसरं साधन आपल्याकडे आहे, असं सेवकाने लिहून द्यायचं. भरतीच्या जाहिरातींमध्येही ‘उपजीविकेचं पुरेसं साधन’ मागितलेलं असतं.

म्हणजे या पैशांत तुमचं घर चालणार नाही, हे सरकार कामावर घेतानाच माणसाकडून कबूल करून घेतं. ग्रामीण टपालातले पगाराचे, पेन्शनचे आणि संपाचे सगळे वाद या एका अटीपाशी येऊन थांबतात, असं माझं म्हणणं आहे. ती अट एके काळी खरी असेलही. आज ती खरी नाही, आणि हे खात्यालाही माहीत आहे. ती काढून टाकून कामाचा खरा हिशेब मांडत नाहीत तोवर संप होत राहतील, आणि ते रास्तच असतील.

ही पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. ब्रिटिशांना खेडोपाडी टपाल पोचवायचं होतं, पण प्रत्येक गावात पगारी माणूस ठेवायचा नव्हता. मग गावातल्या शाळामास्तरला, एखाद्या दुकानदाराला किंवा घरची शेती असलेल्या माणसाला पोस्टाचं काम जोडून दिलं गेलं. तास-दोन तासांचं काम, थोडासा मोबदला आणि गावात मान. आठवड्यात चार पत्रं आणि एखादी मनीऑर्डर येणाऱ्या गावात ही व्यवस्था ठीक होती. त्यांना खात्याबाहेरचे (एक्स्ट्रा-डिपार्टमेंटल) म्हणत, लोकांच्या तोंडी ‘ईडी’. पुढे नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झालं. काम तर पार बदलून गेलं. बदलली नाही ती फक्त समजूत, की हा माणूस घरचं सगळं सांभाळून फावल्या वेळात पोस्ट बघतो.

त्या फावल्या वेळात आज काय काय बसवायचं असतं ते पाहा. सकाळी सब पोस्ट ऑफिसातून थैली येते. बऱ्याच ठिकाणी डाक सेवकालाच ती स्वतःच्या मोटारसायकलवर जाऊन आणावी लागते. थैली उघडून आतला माल यादीशी ताडायचा, प्रत्येक नोंदणीकृत वस्तू मोबाइलमधल्या ॲपवर चढवायची. तोवर दारात माणसं आलेली असतात. कुणाचा आरडीचा हप्ता, कुणाचं मुलीच्या नावचं सुकन्या खातं, कुणाचा विम्याचा हप्ता. कुणाला आधारला मोबाइल नंबर जोडायचा असतो, कुणाला रोजगार हमीचे पैसे जमा झाले का ते बघायचं असतं. मग वाटप. वाड्या, वस्त्या, पाडे असं गाव विखुरलेलं असेल तर अंतर काही किलोमीटरांत मोजावं लागतं. परत येऊन दिवसाचा हिशेब जुळवायचा, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा रोकड जास्त असेल तर वर पाठवायची, थैली बंद करायची. रोकड कमी भरली तर भरपाई सेवकाच्या खिशातून.

यातलं एकच काम जरा जवळून बघू. निराधार योजनेचे पैसे काढायला सत्तरीची बाई येते. आधारवर पैसे काढायचे म्हणजे अंगठा लागतो. जन्मभर खुरपं आणि विळा धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा काही उमटत नाही. सेवक तिचा हात ओल्या फडक्याने पुसतो, मग कोरडा करतो, मग दुसरं बोट लावून बघतो. बोट जुळतं तेव्हा रेंज गेलेली असते. मशीन घेऊन दोघं बाहेर येतात, रेंज मिळते त्या जागी उभं राहून पुन्हा पहिल्यापासून. एका हजार रुपयांसाठी अर्धा तास गेला आणि खात्याच्या दप्तरी एका व्यवहाराची नोंद झाली. कामाचे तास ठरतात ते अशा नोंदी मोजून, आणि तो अर्धा तास त्यांत कुठेच दिसत नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं काम, बचत खाती, ग्रामीण टपाल विमा, रोजगार हमीचं वाटप हे सगळं कामाच्या तासांत धरा, ही संघटनांची मागणी नुसत्या वेतनवाढीच्या मागणीपेक्षाही मला जास्त मूलभूत वाटते. खात्याच्या मते पेमेंट्स बँकेच्या कामाचं कमिशन मिळतं, म्हणजे तो विषय संपला. कमिशन व्यवहारावर मिळतं. दिवसातली वेळ मात्र सेवकाचीच जाते.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली तेव्हा हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येणार होते, आणि पोस्टाच्या बँकेत असं खातं चटकन निघतं हे बायकांना कळलं. गावोगावी पोस्टासमोर रांगा लागल्या. ती खाती कुणी उघडली? कागदोपत्री चार-पाच तास काम करणाऱ्या याच माणसांनी आणि बायांनी. योजनेचं श्रेय कुणाचं यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादात डाक सेवकाचं नाव मी तरी ऐकलं नाही.

शिवाय टार्गेट आहेच. अमुक तारखेला विम्याचा मेळा, तमुक तारखेला खाती उघडण्याची मोहीम, संध्याकाळी ग्रुपवर आकडा टाका. आकडा कमी पडला की फोन येतो. कोटा भरायला नातेवाइकांच्या नावाने खाती काढून पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरल्याचं कितीतरी सेवक सांगतात. अर्धवेळ माणसाला पूर्णवेळ विक्रेत्याचा धाक, असा हा प्रकार आहे.

आता पैशांकडे येऊ. २०१८ च्या सुधारणेनंतर शाखा पोस्टमास्तरला चार तासांसाठी किमान १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपये मूळ भत्ता मिळतो. सहायक शाखा पोस्टमास्तर आणि डाक सेवक या दोघांना चार तासांसाठी १०,००० आणि पाच तासांसाठी १२,०००. वर महागाई भत्ता. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के दर धरला तर चार तासांच्या नव्या डाक सेवकाच्या हाती महिन्याला साधारण १५,८०० रुपये येतात. शहरात तेच टपाल वाटणाऱ्या नियमित पोस्टमनचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं. त्याच दराने महागाई भत्ता धरला तर ते ३४ हजारांच्या वर जातं. घरभाडं वेगळं, पेन्शन वेगळी, वैद्यकीय सोय वेगळी. डाक सेवकाला यातलं काही नाही. घरभाड्याचं तर उलटंच आहे. पोस्टासाठी जागा पोस्टमास्तरने द्यायची आणि त्याबदली त्याला काही शे रुपये मिळतात. आज कुठल्या गावात रस्त्यालगतची खोली तेवढ्यात मिळते?

नोकरीत मुरलेल्यांचं काय? बारा, चोवीस आणि छत्तीस वर्षांनंतर नियमित कर्मचाऱ्यांसारखी वाढ द्या, ही जुनी मागणी होती. मार्च २०२४ मध्ये सरकारने ती मान्य केल्याचं जाहीर केलं. बारा वर्षं झालेल्याला ४,३२०, चोवीस झालेल्याला ५,५२० आणि छत्तीस झालेल्याला ७,२०० रुपये. हे आकडे वर्षाचे आहेत. म्हणजे एकाच गावच्या पोस्टात बारा पावसाळे काढलेल्या माणसाला महिन्याला ३६० रुपये आणि छत्तीस वर्षं काढलेल्याला ६०० रुपये. अडीच लाखांहून अधिक सेवकांसाठी मोठा निर्णय, अशा शब्दांत त्याच्या बातम्या आल्या. मला त्या वाचून वाईट वाटलं. इतकी वर्षं निष्ठेने काम केलेल्या माणसाची किंमत सरकारने केली ती एवढी.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर गुंता आणखी वाढतो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात स्पष्ट सांगितलं, की हे खात्याबाहेरचे म्हणवले जाणारे लोक नागरी पद धारण करतात आणि घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचं संरक्षण त्यांना आहे. त्यांना बाजू मांडायची संधी न देता काढून टाकता येणार नाही. सातव्या वेतन आयोगापुढे डाक सेवकांचा प्रश्न गेला तेव्हा आयोगाने याच निकालाचा हवाला दिला, पण उलट्या बाजूने. ते नागरी पद धारण करतात खरे, पण नागरी कर्मचारी नव्हेत, त्यांचं काम चार-पाच तासांचं आहे आणि त्यांच्याकडे उपजीविकेचं दुसरं साधन असायलाच हवं, म्हणून आमची काही शिफारस नाही, असं आयोगाने लिहून ठेवलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही निकाल दिला, की पुढे नियमित झालेल्या सेवकाची डाक सेवक म्हणून झालेली वर्षं पेन्शनसाठी धरता येणार नाहीत. वीस-बावीस वर्षं खेड्यात काढून पोस्टमन झालेला माणूस मग पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांसाठी महिने मोजत बसतो.

शिस्तीच्या बाबतीत मात्र तो पुरता सरकारी असतो. आचारसंहिता लागू, राजकारणात भाग घ्यायचा नाही, निवडणूक लढवायची नाही. चौकशी लागली तर ‘पुट ऑफ ड्यूटी’, म्हणजे कामावरून बाजूला, आणि त्या काळात भत्त्याच्या पंचवीस टक्के. नियमित कर्मचारी निलंबित झाला तर त्याला निदान अर्ध्या पगाराचा आधार असतो. कर्तव्यं सगळी कर्मचाऱ्याची आणि हक्क कंत्राटदाराचेही नाहीत. या देशाचं टपाल खातं आपल्या अर्ध्याहून अधिक माणसांना असं वागवतं.

उपजीविकेच्या दुसऱ्या साधनाची ती समजूत भरतीच्या नव्या पद्धतीने तर पुरतीच मोडली आहे. आता अर्ज ऑनलाइन भरायचा आणि दहावीच्या गुणांवर यादी लागते. त्यामुळे लातूरची मुलगी सिंधुदुर्गातल्या गावात शाखा पोस्टमास्तर होते, नांदेडचा मुलगा रायगडच्या डोंगरातल्या पाड्यावर टपाल वाटतो. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, तेव्हा नेमणूक तिथेही होऊ शकते. या मुलांनी दुसरं साधन कुठून आणायचं? घरची दोन एकर असलीच तर ती पाचशे किलोमीटर लांब. नियमाप्रमाणे गावातच राहायचं, म्हणजे स्वतःला खोली भाड्याने, पोस्टाला खोली भाड्याने, आणि उरलेल्यात जेवण. यातली बरीच मुलं पदवीधर असतात. दुसरी परीक्षा निघेपर्यंत थांबतात आणि निघून जातात. मग वाटपाचा भार शेजारच्या गावच्या सेवकावर येतो आणि लोक म्हणतात, पोस्टाचं काही खरं नाही.

समोरून दोन आक्षेप येतात. त्यातला पहिला मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. देशातली कितीतरी शाखा पोस्टं अशी आहेत जिथे दिवसाकाठी फार कमी व्यवहार होतात. तिथे आठ तासांचं पद कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांना सरसकट नियमित करा ही घोषणा सभेत ठीक आहे, पण तिला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. माझं उत्तर असं, की काम मोजा, पण सगळं मोजा. चालण्याचं अंतर, रेंज नसलेली मिनिटं, बँकेचे व्यवहार, मेळ्याचे रविवार. एवढं करूनही जिथे काम चार तासांचंच भरेल तिथे पद चार तासांचं राहू दे, पण वेतनाचा दर, पेन्शनचा आणि आजारपणाचा हक्क नियमित कर्मचाऱ्याच्या प्रमाणात द्या. काम अर्धं असेल तर निवृत्तीही अर्धी मिळावी. शून्य मिळण्याला कुठलाच आधार नाही.

दुसरा आक्षेप तोट्याचा. टपाल खातं हजारो कोटींच्या तोट्यात आहे, मग पैसा आणायचा कुठून? हा हिशेबच मला मान्य नाही. अल्पबचतीचा पैसा गोळा करणारं सर्वांत मोठं जाळं पोस्टाचं आहे. तो पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो आणि त्यातून केंद्र सरकार आपल्या खर्चासाठी कर्ज उचलतं. एखाद्या दुर्गम पाड्यावरच्या बाईचा शंभर रुपयांचा आरडीचा हप्ता दिल्लीच्या तिजोरीपर्यंत जातो तो याच सेवकाच्या हातून. गावातला रस्ता तोट्यात आहे असं आपण म्हणत नाही. शिवाय रक्कम किती मोठी आहे? २०१८ ची सुधारणा मंजूर करताना सरकारनेच खर्चाचा आकडा दिला होता. त्या वर्षासाठी थकबाकी धरून १,२५७.७५ कोटी रुपये, लाभार्थी ३.०७ लाख. माणशी जवळपास एक्केचाळीस हजार रुपये होतात, आणि त्यात अडीच वर्षांची थकबाकी आली.

आणि तीही मिळाली ती संपामुळे, हे विसरता कामा नये. नियमित कर्मचाऱ्यांचा सातवा वेतन आयोग जुलै २०१६ मध्ये लागू झाला. डाक सेवकांसाठी वेगळी नेमलेली कमलेश चंद्र समिती नोव्हेंबर २०१६ मध्ये अहवाल देऊन मोकळी झाली. त्यानंतर दीड वर्ष तो अहवाल तसाच पडून. २२ मे २०१८ ला डाक सेवक बेमुदत संपावर गेले, खेड्यातली पोस्टं सोळा दिवस बंद राहिली आणि ६ जूनला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. दीड वर्षाच्या निवेदनांनी झालं नाही ते सोळा दिवसांत झालं. डिसेंबर २००० चा चौदा दिवसांचा देशव्यापी टपाल संप असो की १२ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेला डाक सेवकांचा संप, मागण्यांची यादी जवळपास तीच. आठ तासांचं काम, पेन्शन, सेवेच्या वर्षांनुसार वाढ, ग्रॅच्युइटी.

टपाल कामगारांचे संप या देशात नवे नाहीत. युद्धानंतरच्या महागाईत होरपळलेले पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले कर्मचारी ११ जुलै १९४६ ला संपावर गेले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी २९ जुलैला अख्खं कलकत्ता बंद राहिलं. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला तोही ११ जुलैलाच, १९६० मध्ये. टपाल कर्मचारी त्यात होते, आणि तो मोडायला स्वतंत्र भारताच्या सरकारने वटहुकूम काढला. अगदी अलीकडे, एप्रिल २०२३ मध्ये, खात्याने टपाल कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघाची मान्यता काढून घेतली. शेतकरी आंदोलनासह बाहेरच्या संघटनांना पैसे दिल्याचा ठपका होता. हिशेबात चूक असेल तर हिशेब तपासा, दोषी असेल त्याला विचारा. पण लाखो माणसांच्या वतीने बोलणारी संघटनाच बोलणीच्या टेबलावरून उठवायची आणि मग संप बेजबाबदार म्हणायचा, हे मला पटत नाही.

संप झाला की पहिली ओरड लोकांच्या हालांची होते. हाल होतात, खोटं नाही. निराधारच्या पैशांची वाट बघणाऱ्या बाईला पंधरा दिवस पोस्ट बंद म्हणजे उधारीवर मीठ-तेल. पण मग एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्याच्या पंधरा दिवसांच्या गैरहजेरीने गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा व्यवहार अडतो, त्याचं काम फावल्या वेळचं असू शकत नाही. सरकारने संपाच्या वेळी अत्यावश्यक म्हणायचं आणि वेतन आयोगाच्या वेळी खात्याबाहेरचं म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालणार नाहीत.

आता न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग बसला आहे. डाक सेवकांना त्याच्या कक्षेत घ्या, ही मागणी कर्मचारी संघटनांनी लावून धरली आहे. सातव्या आयोगाने जे केलं तेच पुन्हा झालं, म्हणजे नेहमीप्रमाणे वेगळी समिती नेमली गेली, तर आणखी दोन-तीन वर्षं जातील, अहवाल येईल, पडून राहील आणि एखाद्या मे महिन्यात खेड्यातली पोस्टं पुन्हा बंद होतील. आयोगाला डाक सेवकांचा विषय सोपवायला केंद्र सरकारचा एक आदेश पुरेसा आहे. ग्रामपंचायती, बचत गट, पेन्शनरांच्या संघटना, शेतकरी संघटना, ज्यांचं ज्यांचं पोस्टाशिवाय चालत नाही त्यांनी आपल्या खासदाराकडे या आदेशाची मागणी लेखी करावी, आणि त्याच पत्रात नियम ३-अ मधली दुसऱ्या उत्पन्नाची अट रद्द करायलाही सांगावं. संसदेत हा प्रश्न विचारणारे खासदार सगळ्या पक्षांत सापडतात, पण उत्तरात दरवेळी तीच चार-पाच तासांची ओळ येते. ती ओळ चुकीची आहे हे सांगायला गावापेक्षा चांगला साक्षीदार दुसरा नाही, कारण पोस्टाचं दार किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं हे गाव रोज बघतं.